ज्या तारखेवर मी बसतो

मी जांभळा चुंबक बोलतोय. कोटाच्या बटणाएवढा माझा जीव. वर प्लास्टिकची टोपी, पोटात काळा तुकडा. अंगात जोर म्हणाल तर एखादा कागद धरून ठेवण्यापुरता. पण माझं काम कागद धरण्याचं नाही. मी ज्या तारखेवर बसतो, त्या तारखेला एक माणूस कामावर येत नाही. एवढंच माझं काम.

कारखान्यात काळी भुकटी साच्यात दाबून मला घडवलं, भट्टीत भाजलं, मग तारेच्या वेटोळ्यात धरून एक झटका दिला. तोवर मी नुसता खडा होतो. झटका बसला तसा शेजारचा खडा येऊन मला चिकटला, आणि आम्ही भावंडं झालो.

आमची डबी आली ती एका इस्पितळाच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खोलीत. तिथे स्पिरिटचा वास असतो, फ्रीज दिवसभर घुमत असतो आणि मायक्रोस्कोपपुढे बसणाऱ्यांच्या पाठी कायम दुखत असतात. भिंतीवर पत्र्याचा पांढरा बोर्ड आहे, त्यावर वर्षभराच्या तारखांचे चौकोन. प्रत्येकाने आपापला रंग उचलला. एका मुलीने हिरवा घेतला आणि तेव्हापासून तिचं नावच ‘हिरवी’ पडलं. मला उचललं ते ताईने. खोलीत सगळ्यांत जुनी तीच, म्हणून ती सगळ्यांची ताई.

नव्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी आली की मोठ्या मॅडम ते चौकोन लाल करतात. मग सगळी माणसं हातातलं काम टाकून बोर्डापुढे जमतात. एखाद्या सुट्टीच्या आणि रविवारच्या मध्ये एकच कामाचा दिवस अडकलेला असतो. त्याला आमच्याकडे ‘सांधा’ म्हणतात. तो एक दिवस पदरात पडला की मागचं-पुढचं जोडून लांब जाता येतं. त्यासाठी माणसं महिनाभर आधीपासून गोड बोलायला लागतात. भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकतात. ज्याची चिठ्ठी आधी, त्याला निवड आधी, आणि एका चौकोनात एकच रंग.

ताईची चिठ्ठी पहिली आली तरी ती सांधा कधी घेत नसे. नवरा लांबपल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. “लोकांची सुट्टी म्हणजे ह्यांची ड्युटी,” ती म्हणायची. “मी एकटी घरी बसून काय करू, भिंतींशी बोलू?” मग मी कुठल्या तरी मंगळवारी, मुलीच्या शाळेसाठी नाहीतर दातांच्या डॉक्टरसाठी बसायचो.

या वर्षी नवऱ्याला गाडीवरून उतरवून डेपोच्या टेबलावर बसवलं. नजर कमी झाली होती. टेबलावरच्या माणसाला सणाची सुट्टी मिळते. ताईने सरळ वर्षातला सगळ्यांत मोठा सांधा मागितला आणि त्याला जोडून पुढचे दिवसही घेत आम्हा भावंडांना ओळीने लावलं. ओळीच्या शेवटी मी.

“ताई, सांधा घेताय? तुम्ही?” हिरवी म्हणाली. “मग आम्ही जगायचं कसं?”

“इतकी वर्षं माझ्या जिवावर मजा मारलीस ना? आता जरा कळ सोस.”

“आणि जाणार कुठे?”

“समुद्रावर. ह्यांनी एवढी माणसं समुद्रावर पोचवली, पण स्वतःचे पाय स्टँडच्या पुढे कधी गेले नाहीत. हॉटेलवाल्याला आत्तापासून विचारतायत, लाटांचा आवाज खोलीत येतो का म्हणून.”

सांधा जवळ येऊ लागला तशी ताई दमू लागली. वरच्या मजल्यावरून जिना उतरून आली तरी टेबलाला धरून उभी राही. दंडावर निळे डाग दिसायला लागले. “कशाला तरी आपटले असेन,” ती म्हणे. पण एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिने दातात धरून पट्टा आवळला आणि स्वतःच्याच हातातून रक्त काढलं, वर कापूस चिकटवला. काचेवर थेंब ओढला, रंगवला, वाळवला. काचेवर नाव घातलं नाही, नुसता आकडा.

मग तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला.

बराच वेळ काच पुढे सरकत होती. मग सरकायची थांबली. ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माणसं माझ्याकडे पाहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत गाडीची वेळ असते, भरायची बॅग असते. तिच्या डोळ्यांत तसं काही नव्हतं. ती माझ्यापर्यंतचे चौकोन मोजत होती.

शंकेची काच दुसऱ्याने बघायची हा खोलीचा नियम. ताईने तो मोडला नाही. दुसऱ्या दिवशी काच हिरवीपुढे ठेवली.

“ताई, हे भयंकर आहे. रक्ताचा कॅन्सरच दिसतोय,” हिरवी डोळा न काढता म्हणाली. “कोणाचं?”

“आहे एक बाई.”

“आजच्या आज बोलवा तिला. हे थांबण्यासारखं नाही.”

“सांगितलंय. सुट्टीला जायचं म्हणते. आल्यावर भरती होईन म्हणते.”

“डोकं फिरलंय का तिचं? सुट्टी कुठे पळून जातेय?”

“नवऱ्याला पहिल्यांदाच मिळालीय.”

“मग त्या नवऱ्याला सांगा. तुम्हाला जड जात असेल तर मी बोलते.”

“नको. मी बोलेन,” ताई म्हणाली आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा बोर्डावरून पडावंसं वाटलं. मी पडलो असतो तर कुणी तरी विचारलं असतं, हा कुणाचा, कुठे लावायचा. पण पडणं आमच्या हातात नसतं.

ठरल्या दिवशी ताई गेली. जाताना मायक्रोस्कोपची भिंगं पुसून त्याच्यावर कापड घातलं. हिरवीने शंख आणायला सांगितले, ती “बघू” म्हणाली.

सांध्याच्या दिवशी ताईची खुर्ची रिकामी होती. हिरवी जुन्या काचा आवरत होती. तो आकडा तिच्या हाती लागला. “मॅडम, या बाईचा फोन नंबर कुठे आहे?” तिने विचारलं. मॅडमनी सगळं शोधलं. असली कुणी बाई आलीच नव्हती.

हिरवी काच हातात धरून उभी राहिली. मग स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला तिने बोट टेकवलं. बहुधा तिला ताईच्या तिथे चिकटवलेला कापूस आठवला असावा. ती चालत बोर्डाकडे आली आणि आमची जांभळी ओळ बघत राहिली. मग तिने फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

“ताई, ती बाई सापडली... हो. कळलं... नाही, आजच निघा. उद्या नाही... भाऊजींना सांगितलंत? मग द्या फोन त्यांच्याकडे... ताई, मी रागावलेली नाही. द्या फोन.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“भाऊजी, नमस्कार. कुठे आहात, वाळूवर का? बसून घ्या आधी. बसलात?”

पुढचं बोलायला ती बाहेर गेली.

ते त्याच दिवशी निघाले. सुट्टीचे उरलेले दिवस ताईने वरच्या मजल्यावरच्या खाटेवर काढले. माझा चौकोन आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवीने मला उचलून एक चौकोन पुढे ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी ती तेच करते. वाटेत दुसऱ्यांनी धरलेले सांधे येतात. तिथे पोचायच्या आधीच कुणी तरी आपला चुंबक मुकाट्याने काढून घेतं.

ताईचं रक्त तपासायला आमच्याकडेच येतं. ती काच हिरवी दुसऱ्या कुणाला देत नाही. मॅडम विचारतात, “काय म्हणतंय?” ती म्हणते, “ठीक.” ठीक म्हणताना बोर्डाकडे पाठ करते. गेल्या आठवड्यात तिने ‘ठीक’सुद्धा म्हटलं नाही.

आज नव्या वर्षाची यादी आली. बोर्ड ओल्या फडक्याने पुसला. नव्या तारखा लिहून झाल्या, सुट्ट्या लाल झाल्या. एरवी या वेळी खोलीत काय गलका असतो! आज चिठ्ठ्या कुणी काढत नाही. माझी भावंडं डबीत आहेत आणि मी हिरवीच्या मुठीत. वर खाटेवर असलेली ताई कधी परत येईल हे माहीत नाही, म्हणून मला कुठे ठेवावं हे तिला कळत नाही.

हिरवे, मी तुझ्याकडे फार काही मागत नाही. मला कुठेही लाव. लाल दिवसावर लाव, कुणाला नको असलेल्या मंगळवारी लाव. मी ज्या तारखेवर बसतो तिच्या पुढे एक रिकामा चौकोन असतो, आणि त्या चौकोनात माणसाने परत यायचं असतं. मला एखादी तारीख दे. फक्त असं मुठीत धरून ठेवू नकोस.