जुन्या नावाची लिंक

आमच्या ह्यांना, म्हणजे कानिफनाथरावांना, नको तिथे नीटनेटकेपणा सुचतो. दसऱ्याला त्यांनी नेवाशातल्या आमच्या स्टुडिओची पाटी नव्याने रंगवली, जिल्हा अहिल्यानगर. तेवढ्यावर थांबतील तर शपथ! कॉम्प्युटरमधल्या ‘अहमदनगर’ फोल्डरचंही नाव मला न विचारता बदललं.

आमचे सगळे फोटो त्या एकाच फोल्डरमध्ये. गिऱ्हाइकांच्या फोल्डरमध्ये नुसत्या लिंका, म्हणजे खरा फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता. एकच फोटो नवरीकडे दिसतो, मामाकडेही दिसतो, जागा मात्र एकदाच खातो. शक्कल माझी, आणि मला तिचा भारी तोरा.

महिनाभराने गावातली साळूबाई आली. बाहेर तिला ऊसतोडीला कोपरगावकडे नेणारा टेम्पो उभा होता.

“ताई, माझ्या लग्नातला आईचा फोटू काढून द्या. तोडीवरची पाचटाची कोपी पेटली, तिच्यात अल्बम जळाला. आई श्रावणात गेली. दुसरा फोटूच न्हाई वो.”

“फोल्डर कुठल्या नावाने?”

“सत्यशीला. म्हायेरचं नाव. सासरी साळू केलं. आई तेवढी जुन्या नावानं हाक मारायची. आता कोन मारनार?”

फोल्डर उघडलं. नावं सगळी जागेवर, फोटो एकही उघडेना. लिंकेतला पत्ता वाचला आणि कळलं. ती अजून ‘अहमदनगर’च शोधत होती. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

“नाव परत जुनं करू का?” ह्यांनी चाचरत विचारलं.

“करा! म्हणजे या महिन्यातल्या नव्या फोटोंच्या लिंका तुटतील.”

मग मी ‘अहमदनगर’ नावाचीच एक लिंक केली आणि तिला ‘अहिल्यानगर’ फोल्डरचा पत्ता दिला. जुन्या पत्त्याने येणाराही आता नव्या घरी पोचणार होता. एका लिंकेने सगळ्या जुन्या लिंका जाग्या झाल्या.

पडद्यावर आई आली. नऊवारी, मुठीत अक्षता, कॅमेऱ्याकडे न बघता लेकीकडे बघणारी. साळूबाई तोंडाला पदर लावून रडली, माझेही डोळे भरले.

दोन प्रती काढल्या. पहिली छातीशी धरून ती पळाली, दुसरी टेबलावरच राहिली.

“साळूबाई! अहो साळूबाई!”

टेम्पोच्या घरघरीत तिला ऐकू गेलं नाही.

“सत्यशीला!”

ती जागच्या जागी थबकली आणि म्हणाली, “आले, आले!”