हळदीचं पहिलं बोट

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता सगुणाबाई पगारे यांच्या पुढच्या खोलीत प्रार्थनेसाठी चटई अंथरली जायची. पूर्वी त्या चटईवर चौदा-पंधरा माणसं बसत. आता पाच उरली होती. कुणी वारलं, कुणी वस्ती सोडून नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं, कुणाला मोबाइलवरची प्रार्थना पुरेशी वाटू लागली. उरलेल्या पाचांत चार बाया आणि एकटे इसाकभाऊ साळवे. इसाकभाऊ मंडळीचे वडील होते, म्हणजे चर्चच्या कमिटीतले मानाचे सभासद. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती आणि त्यांची बायको करुणा जाऊन आठ महिने.

करुणा गेल्यावर इसाकभाऊंनी बायबल उघडलं नव्हतं. घरात एकच होतं, तिचं. पानापानावर तिच्या पेन्सिलीच्या खुणा. ते हातात घेतलं की त्यांना अक्षरं दिसेनाशी व्हायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगुणाबाईंच्या लक्षात आलं. सगुणाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, एका होस्टेलवर पोळ्या लाटायच्या. एका गुरुवारी त्या येऊन दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, चला. वाचायचं नसलं तर नका वाचू. मी वाचते, तुमी चुका काढा."

तेव्हापासून त्या वाचायच्या, ओळीखाली बोट धरून, अडखळत. एका अध्यायाला अर्धा तास लागायचा. इसाकभाऊ चुका काढायचे. असं करता करता त्यांना पुन्हा दोन घास जाऊ लागले. एकमेकांना धीर द्या, असं वचनात जागोजागी सांगितलं आहे. पुष्कळ लोकांना ते तोंडपाठ असतं. सगुणाबाईंनी ते केलं होतं.

त्या गुरुवारी रूथचं पुस्तक संपत आलं होतं. सगुणाबाई मध्येच थांबल्या.

"भाऊ, ही नामी विधवा ना? नवरा गेला, दोन पोरं गेली?"

"बरोबर."

"मग रूथला, तिच्या सुनेला, पोरगं झालं ते नामीनं उराशी धरलं. आन् शेजारणींनी गलका केला, नामीला पोरगा झाला म्हणून. एक तरी बाई म्हनली का, तू रांडमुंड, बाळाला हात नको लावू?"

"त्यांच्यात भागीबाई नव्हती ना," दुसरी एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. भागीबाई म्हणजे सगुणाबाईंची थोरली जाऊ. वस्तीतलं कोणतंही लग्न तिच्याशिवाय उभं राहत नसे.

सगुणाबाई हसल्या नाहीत. "माझ्या हर्षालीची हळद पंधरा तारखेला हाय. पहिलं बोट मला लावायचंय."



आपल्या ख्रिस्ती लोकांचं लग्न चर्चमध्ये लागतं, वचनं देवासमोर दिली जातात. पण आदल्या दिवशीची हळद घरोघर असतेच. त्यात गैर काही नाही. गैर हे आहे की हळद लावायला पाच सवाष्णी लागतात आणि विधवा चालत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी देव बदलला त्याला शंभर वर्षं होऊन गेली. गळ्यातला ताईत काढला, देव्हारा काढला, हे तेवढं राहू दिलं.

"माझे मालक दत्तू गेले तवा ही पोर बारा वर्षांची होती," सगुणाबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं हिला मी न्हाऊ-खाऊ घातलं. टायफॉइड झाला तवा एकवीस दिवस उशाशी बसले. तवा माझा हात चालला. मग एका दिवसापुरता का नाय चालत? भाऊ, तुमी वडील. तुमी बोललात तर ऐकतील. बोलाल का?"

"बोलतो," इसाकभाऊ म्हणाले. त्या वेळी ते मनापासून म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ते भागीबाईंकडे गेले. भागीबाईंचे यजमान गोटीराम पगारे पत्रिका निवडत बसले होते. हर्षालीचा बाप नाही म्हणून लग्नाचं सगळं त्यांच्याच हातात होतं. इसाकभाऊंनी विषय काढला.

"वडील, आमी काय वचनाच्या बाहेर हाय का?" भागीबाई म्हणाल्या. "दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो. पण हा पोरीच्या सौभाग्याचा प्रश्न हाय. उद्या जावयाला काय झालं तर कोण जबाबदार? तुमी?"

"आणि नवऱ्या मुलाची, दीपकची, मावशी इंदिरानगरहून येणार," गोटीराम म्हणाले. "ती लय कडक आहे. पगाऱ्यांना रीत माहीत नाही, असं व्हायला नको."

"पण बायबलमध्ये असं कुठंच नाही, गोटीराम."

"बायबलात चहा पन नाय," भागीबाई म्हणाल्या. "तरी घेता ना?"

इसाकभाऊंना हसू आलं. चहा आला, तो त्यांनी घेतला. मग वाद घालणं जड गेलं. "बघा, जमलं तर," एवढं म्हणून ते उठले.

परत येताना सगुणाबाई दारातच उभ्या होत्या. "बोललात?"

"बोललो. होईल."

यातला पहिला शब्द खरा होता.

पंधरा तारखेला दुपारी अंगणात मांडव उभा राहिला. सगुणाबाईंनी हळकुंडं आणून स्वतः कुटली होती, वस्त्रगाळ करून तेलात कालवली होती. नवी मोतिया रंगाची साडी नेसून, वाटी दोन्ही हातांत धरून त्या बाहेर आल्या. हर्षाली पाटावर बसली होती. आईला पाहून तिने मान वर केली. त्याच वेळी भागीबाई पुढे झाल्या.

"दे इकडं. तू आत जाऊन चहाचं बघ, इंदिरानगरची मानसं आलीत."

सगुणाबाईंनी वाटी सोडली नाही. त्यांनी इसाकभाऊंकडे पाहिलं. बोलायची पाळी ज्याची असते त्याच्याकडे माणूस बघतं तसं.

पाळकसाहेब दुसऱ्या लग्नाला गेले होते, म्हणून प्रार्थना इसाकभाऊंनी करायची होती. त्यांनी ठरवलं, आधी प्रार्थना करू, मग बोलू. त्यांनी डोळे मिटले. प्रार्थना लांबली. नव्या घरावर आशीर्वाद मागितला, दोन्ही कुटुंबांवर मागितला. बोलायचं होतं ते पुढे पुढे ढकलत होते, हे त्यांना नंतर कळलं. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा वाटी भागीबाईंच्या हातात होती आणि सगुणाबाई आत गेल्या होत्या.

"वडील, पहिलं बोट तुमी लावा," गोटीराम म्हणाले. "मंडळीचा आशीर्वाद. मग सवाष्णी लावतील."

वाटी पुढे आली. इसाकभाऊ पाटाजवळ वाकले. हर्षाली अगदी हळू म्हणाली, "काका, आईला बोलवा ना."

"हो बाळा, बोलवतो. एवढं होऊ दे."

आणि त्यांनी बोट बुडवून तिच्या कपाळाला हळद लावली. गाल पुसावेत तशी दोन्ही गालांना लावली. बायांनी गाणं सुरू केलं.

हात धुवायला ते मागच्या मोरीकडे गेले. सगुणाबाई स्वयंपाकघरात गॅसपुढे उभ्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी एक कप वेगळा काढून ठेवला होता.

"हा बिनसाखरेचा," त्या म्हणाल्या. "तुमाला साखर चालत नाय ना."

कप हातात घेतल्यावर इसाकभाऊंना ते समजलं. त्यांच्याही जोडीदाराला मरण आलं होतं. सगुणाबाईंचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, त्यांची बायको जाऊन तर पुरतं वर्षही नाही. घडलं दोघांच्याही बाबतीत तेच. पण त्यामुळे एकीला चुलीपुढे धाडलं आणि एकाला नवरीपुढे उभं केलं. त्यांचा हात कुणाला अशुभ वाटला नाही. त्यांना स्वतःलाही वाटला नाही.

करुणा तीस वर्षं वस्तीतल्या लग्नांत सवाष्ण म्हणून बसली होती. एकदा अशीच हळद लावून घरी आली आणि साडी न बदलता खाटेवर बसून म्हणाली, "तुमच्या आधी मला न्यावं, एवढंच मी देवाजवळ मागते." इसाकभाऊंना ते प्रेम वाटलं होतं. प्रेम होतंच. पण तिला भीतीही वाटत होती, हे आज कळलं. ते आधी गेले असते तर आज इथे या ओट्यापाशी करुणा उभी असती, आणि वचन वाचणारी, खुणा करणारी ती बाई कुणाला चालली नसती. तीस वर्षं तिने ती भीती मनात ठेवून त्यांच्या शेजारी काढली आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही, का गं असं म्हणतेस.

कप तसाच ठेवून ते मांडवात गेले. पाच सवाष्णींची हळद लावून झाली होती.

"भागीबाई, गोटीराम," ते मोठ्याने म्हणाले. गाणं थांबलं. "हे चुकलं. पोरीच्या आईला बोलवा. मी विधुर असून हळद लावली, मग तिनं का नाही लावायची? वचनाप्रमाणे दोघं सारखेच."

 मग भागीबाई दीपकच्या मावशीकडे बघत हसून म्हणाल्या, "करुणावहिनीला जाऊन वरीस नाय झालं, आन् वडिलांना आमच्या जावेचा लय कळवळा आलाय. दर गुरुवारी वचन वाचतात ना बसून."

मागे दोघी-तिघी फिसकन हसल्या. दीपकची मावशी हसली नाही. तिने इसाकभाऊंना पायांपासून वरपर्यंत पाहून घेतलं. हर्षाली पाटावरून उठू लागली तर चार हातांनी तिला खाली दाबलं, "उठू नको, अपशकुन होतो."

सगुणाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग त्या मावशीकडे.

"काय नाय हो, ताई," त्या म्हणाल्या. "वडील उगी बोलले. मलाच नव्हती लावायची. आमच्यात नाय लावत."

आणि त्यांनी पहिला कप मावशीपुढे धरला.

रविवारी उपासना झाल्यावर इसाकभाऊंनी कमिटीत विषय मांडला. पाळक ललितसाहेब तरुण, सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वडील, उपासनेत काही चुकलं असेल तर आपण बघू. हे लोकांचं घरगुती आहे."

"साहेब, आपण आज्ञापालनावर तीन रविवार उपदेश केलात. संकटात विधवांचा समाचार घ्या, त्यांची विचारपूस करा, ही आज्ञाच आहे ना?"

"आहेच. आपण त्यांना नाताळात साड्या देतोच की." मग ते म्हणाले, "मंडळी दुखावेल. असं करू, यावर प्रार्थना करू या."

सगळ्यांनी माना लववल्या. दोन मिनिटांत प्रार्थना झाली आणि पुढचा विषय निघाला, कंपाउंडच्या भिंतीचा.

गुरुवारी पाच वाजता इसाकभाऊ गेले तेव्हा चटई अंथरलेली नव्हती. सगुणाबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"भाऊ, आता येत जाऊ नका. हर्षालीला सासूनं विचारलं, तुझ्या आईकडं गुरुवारी कोन येतं. तिला तिथं राहायचंय."

"सगुणाबाई, माझं चुकलं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता आणि म्हणून ते जास्त लागलं. "वाटी माझ्या हातात होती तवा बोलायचं होतं. भागीबाई तर तशीच हाय, तिचं मला काय वाटलं नाय. तुमी होईल म्हनलात, मी त्याच्यावर नवी साडी नेसले."

 सगुणाबाईंनी दार लावलं नाही. लोटलं फक्त.

त्यानंतर वाचन बंद पडलं. बाकीच्या तिघी काही दिवस कुणा एकीच्या घरी जमल्या, मग तेही राहिलं. इसाकभाऊ घरी करुणाचं बायबल उघडून बसतात. रूथच्या शेवटच्या पानावर तिने खूण केलेली आहे, नेमकी नामीने बाळ उराशी धरलं तिथेच. ते वाचतात, खूण बघतात आणि मिटून ठेवतात.

मे महिन्यात वस्तीत स्वराज जाधवची हळद होती. प्रार्थनेला इसाकभाऊंना बोलावलं. त्यांनी सांगितलं, विधवांना बाहेर बोलावणार असाल तर करतो. घरच्यांनी वाद घातला नाही, त्यांच्याऐवजी गोटीरामांना सांगितलं. गोटीराम आनंदाने पुढे झाले आणि चांगली प्रार्थना केली.

इसाकभाऊ उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे चार विधवा खाली बसून कोथिंबीर निवडत होत्या. तेही त्यांच्याजवळ फरशीवर बसले आणि एक जुडी ओढून घेतली. चौघींचे हात थांबले.

"वडील, इथं नका बसू," एक जण म्हणाली. "तुमाला कुनी काय म्हननार नाय. आमालाच बोल लागंल."

"मी फक्त बसतोय, ताई."

"तेच म्हनते. नका बसू."

त्यांनी मान खाली घालून काड्या मोडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ती बाई उठली, सूप उचललं आणि मागच्या दाराने बाहेर गेली. बाकीच्या तिघी तिच्यामागे गेल्या. सूप घेऊन गेलेली ती बाई स्वराजची आई होती.

मांडवातून कुणीतरी हाक मारली, "वडील, कुठं गेलात? या ना, पुढं खुर्ची धरून ठेवलीय तुमच्यासाठी."

या उन्हाळ्यात तुमच्याही घरी लग्न असेल. हळदीचं गाणं सुरू झालं की एकदा आत जाऊन बघा, कोथिंबीर कोण निवडतंय. आणि बोलायचं असेल तर वाटी तिच्या हातात आहे तोवर बोला.