आगपेटीएवढा महिना

“हा तीन हाय का सहा?” अप्पारावांनी प्रूफाचा कागद चंद्रभानच्या नाकासमोर धरला.

चंद्रभाननं चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी नेला आणि उगीचच खोकला. अप्पारावांना काय समजायचं ते समजलं.

जिंतूरच्या त्या छापखान्यात चंद्रभान तरुणपणापासून खिळे जुळवत आला होता. शिशाच्या खिळ्यावर अंक उलटा असतो. तिथला तीन थेट सहासारखा दिसतो आणि सहा तीनासारखा. तरण्या डोळ्याला फरक कळतो. चंद्रभानचे डोळे मात्र त्याच्या आधीच पेन्शनीत निघाले होते. उन्हाळ्यात एका लग्नपत्रिकेत त्यानं तेराचे सोळा केले. वालूरचे पाहुणे नटूनथटून उतरले, तेव्हा मांडवाचे बांबूसुद्धा परत गेले होते. नवरीच्या बापानं छापखान्याच्या दारात उभं राहून जे शब्द वापरले, ते जुळवायला कुठल्याच छापखान्यात खिळे मिळाले नसते.

“हे प्रूफात सापडलं म्हणून वाचलो,” अप्पाराव म्हणाले. “आता छापल्यावर एक जरी तारीख चुकली, तर तू घरी. कधी जायचं ते मी सांगन.”

काम जाण्याचं भय होतंच. पण ‘कधी ते मी सांगन’ हे चंद्रभानला जास्त लागलं. सगळा जन्म ज्यानं गावाच्या तारखा छापल्या, त्याच्या जाण्याची तारीख दुसऱ्याच्या खिशात असावी, याचं त्याला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात कापूस खरेदी केंद्राचे कारकून दिनकरराव जुना अर्ज घेऊन आले. “अप्पाराव, ही बघा भानगड. कापूस कधी आणणार, त्याला इथं कोरी रेघ हाय. लोक सांगतेत, ‘दुसऱ्या बाजारानंतर’. मग मीच टाकतो अंदाजानं तारीख. अन् गाड्या भलत्याच दिवशी येऊन रात्रंदिवस दारात उभ्या राहतेत. काहीतरी करा. पण कागद वाढवायचा न्हाई, खर्च बी वाढवायचा न्हाई.”

“रेघेच्या जागी अख्खा महिनाच बसवू,” चंद्रभान आतून बोलला. “आगपेटीएवढा. सात रकाने, अन् बाजाराचा वार ठळक. ज्याला जो दिवस पाहिजे, त्यानं त्याच्यावर खूण करावी. वाचता न्हाई आलं तरी बाजारावरून मोजता येतंय.”

“एका तारखेचा तुला भरवसा न्हाई, अन् महिनाभराच्या जुळवायला निघालास?” अप्पाराव म्हणाले. पण दिनकररावांना कल्पना पटली, आणि हातचं गिऱ्हाईक सोडायला अप्पाराव काही खुळे नव्हते.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तर झालं नाही ना? चंद्रभानला त्या दिवशी जेवण गोड लागेना. त्याची लेक हेमा दहावी होऊन घरीच होती. डबा द्यायला येऊन येऊन तिला सगळे खिळे ओळखू यायला लागले होते.

“आबा, चूक तुमच्या हाताची न्हाईच,” ती म्हणाली. “छापून झालेले खिळे तुमी पेटीत परत टाकताव ना, तवा तीन सहाच्या खणात जातेत. खण साफ असले की हात आपोआप बरोबर चालतोय. खण मी बघते.”

दुसऱ्या दिवशी बापामागं लेक छापखान्यात हजर.

“पोरगी?” अप्पाराव दचकले. “हात काळे होतील. उद्या लग्न जमायचं न्हाई.”

“हात धुतले की निघतंय, काका,” हेमा म्हणाली. “छापलेली तारीख निघत न्हाई.”

तिनं दोन्ही खण पालथे केले आणि एकेक खिळा उजेडात धरून निवडला. मग चंद्रभान बसला. बारीक खिळे, त्याहून बारीक फटी. मान अवघडली, पण सवयीच्या हातानं रकान्यामागून रकाना उभा केला. डिसेंबरचा महिना छापून गेला, आणि अर्ज वाटायच्या दिवशी त्याला काही छापखान्यात राहवेना.

केंद्रावर नंबर कडूबाईचा होता. म्हातारी एकटीच शेत कसायची. ठळक रकान्यावर बोट ठेवून ती मोजायला लागली, “ह्यो एक बाजार, ह्यो दुसरा... त्याच्या म्होरचा दिस.” तिनं अंगठ्याचं टोक शाईत बुडवून त्या दिवसाच्या घरावर टेकवलं.

“बाई, अंगठा खाली, सहीच्या जागी,” दिनकरराव म्हणाले.

“त्यो मागून देते. आदी दिस धरू द्या. लग्नाची तारीख भटजीनं काढली, मोजणीची तलाठ्यानं. येवढा एक दिस माझा मी काढलाय.”

धरलेल्या दिवशी कडूबाईची गाडी आली आणि दिवस मावळायच्या आत रिकामी होऊन परतलीही. चंद्रभान त्या दिवशीही बघायला गेला होता, हे त्यानं घरी सांगितलं नाही.

हंगाम सरत आला. मार्चचा महिना हेमानं एकटीनं जुळवला. अप्पारावांनी प्रूफ डोळ्यांत तेल घालून तपासलं, उलटंपालटं केलं, आणि काही सापडेना म्हणून जरा हिरमुसलेच.

“चंद्रभान, आता बिनघोर ऱ्हा,” ते म्हणाले. “घरी जायचं मी काय बोलत न्हाई.”

“मालक, कधी ते तुमी सांगणार होता. मी सांगू का?”

चंद्रभाननं प्रूफ हातात घेतलं. शाईच्या रुळाला अंगठ्याचं टोक लावलं आणि महिन्याच्या शेवटच्या घरावर टेकवलं. खूण बरोबर घरातच उमटली. त्याला गलबलून आलं, पण हलकंही वाटलं.

अप्पारावांनी प्रूफ ओढून त्या काळ्या ठशाआधीची घरं मोजली. “अन् मग पुढं?”

चंद्रभाननं मागं वळून पाहिलं. हेमा छापून झालेले खिळे परत टाकत होती. तीन कुठला, सहा कुठला, हे त्याला एवढ्या लांबून दिसत नव्हतं. आपापल्या खणात पडणाऱ्या खिळ्यांचा टक् टक् आवाज तेवढा येत होता. तो ऐकत उभा राहिला.