घरामागची बावीस कलमं

गावाने गौरजाला पायलट करून सहा वर्षं झाली होती. विमान कंपन्यांनी मात्र अजून केलं नव्हतं.

लायसन हातात आलं तेव्हा ग्रामपंचायतीसमोर तिचा टोपीतला फोटो लागला, शाळेच्या पटांगणात शाल-श्रीफळ झालं, आणि दाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, लोक 'पायलटाचो बापूस' म्हणू लागले. लायसन म्हणजे नोकरी नव्हे, हे त्या मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. गौरजाला ठाऊक होतं, पण गळ्यात झेंडूचा हार असताना ती ते सांगणार तरी कशी? मग ते राहूनच गेलं. पुढच्याच वर्षी साथ आली आणि जगभरची विमानं जमिनीला खिळली. ती परत उडाली तोवर तिच्यासारखे शेकडो जण रांगेत उभे होते. प्रत्येक जाहिरातीत पाचशे तासांचा अनुभव मागायचे आणि गौरजाकडे होते दोनशे पंधरा. उरलेले तास मिळवायला नोकरी हवी, आणि नोकरीला ते तास हवेत. मधली तीन वर्षं तिने पुण्यात एका क्लासमध्ये पायलट होऊ पाहणाऱ्या पोरांना ढग शिकवले. लग्न झालं, नऊ महिन्यांपूर्वी आनंदी झाली, आणि बाळंतपणाला माहेरी आली ती अजून माहेरीच होती. आनंदीला झोपवताना ती इंजिन सुरू करण्याची यादी अंगाईसारखी म्हणायची, "इंधन बघितलं, बॅटरी बघितली, दिवे बघितले..." कारण पाठ राहायला हवी होती, आणि दुसरं गाणं तिला येतही नव्हतं.

गुरुवारी पत्र आलं. लहान शहरांना जोडणारी एक लहानशी कंपनी होती, विमानं सत्तर माणसांची. मुलाखत तिने गरोदर राहण्याआधी दिली होती आणि विसरूनही गेली होती. आता जागा निघाली होती. अट तासांची नव्हती, वयाची होती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा.

आज सोमवार होता.

"दाजी देवळात निघाले," तिची आई, राधाबाई, आतून म्हणाल्या. आनंदीच्या तोंडात नाचणीच्या सत्त्वाचा चमचा घालायची त्यांची खटपट चालली होती. "गो माझ्या बाये, आ कर. आवस तुझी विमानात बसान जातली, मगे तुका ह्याच खावचा लागतला."

आनंदीने घास थुंकून टाकला आणि गौरजाकडे बघून हात पुढे केले.

दाजींनी पांढरी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "कौल लावन येतंय," एवढंच बोलून ते पाणंदीला लागले. घरातलं कुठलंही मोठं काम, मग ती विहीर असो की लग्न, ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय त्यांनी कधी केलं नव्हतं. लवू गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्याने फुलांचे कळे चिकटवायचा आणि गाभाऱ्यात सगळे श्वास धरून बघायचे. उजवा कळा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नाही. होकाराचा कळा दाजी टोपीत कानावर खोचून आणायचे, आणि तो आठवडाभर देवघरात सुकत राहायचा.

आजचा प्रश्न आंब्याच्या कलमांचा होता. कंपनीचं विमान चालवायला त्याच विमानाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, आणि त्याचा खर्च शिकणाऱ्याने करायचा. अर्धा आत्ताच भरायचा, अर्धा पुढे पगारातून कापून घेणार. सड्यावरची, वरच्या कातळपठारावरची, मोठी बाग गौरजाच्या पहिल्या शिक्षणाला बागायतदार शेठकडे कराराने गेली होती, ती अजून सुटायची होती. गेल्या वैशाखात पोटुशी असताना ती सहज तिथे गेली होती. आपल्याच झाडाखालचा एक पाडाचा आंबा उचलला, तर शेठचा नेपाळी राखणदार हात जोडून म्हणाला, "दीदी, शेठ गिन के रखता है." तिने आंबा होता तिथे ठेवला. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. आता उरली होती ती घरामागची बावीस कलमं. शेठ ती बारा वर्षांच्या कराराने घ्यायला तयार होता.

दाजी इतके राजी का, हे गौरजाला चांगलं माहीत होतं. पगार किती, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून "सुरवातीक दीड-दोन लाख" निघून गेलं होतं. गावात पायलटाचा पगार तेवढाच असतो.

खरा आकडा नवऱ्याला, विश्वेशला, माहीत होता. तो वैभववाडीला तहसील कचेरीत कारकून होता. दुपारच्या सुट्टीत त्याचा फोन आला.

"सहा महिने बिनपगारी. मग चाळीस हजार, त्यातून त्यांचा हप्ता कापणार. हैदराबादला खोली, तुझं जेवणखाण..." तो थांबला. "गौरी, ते तुला नोकरीला ठेवतायत की तू त्यांना?"

"हस तू."

"हसत नाही गं. पाच वर्षांचा बाँडपण आहे. मधे सोडलं तर भरपाई." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तू जा. मी शनिवार-रविवार आनंदीकडे येत जाईन. फक्त बारा वर्षांची झाडं द्यायच्या आधी दाजींना खरा आकडा सांग."

"सांगते."

"हे तू गुरुवारपासून म्हणतेयस."

तिने फोन ठेवला आणि दाजींना शोधायच्या ऐवजी कंपनीला लावला. पत्राखाली संचिता नावाच्या मुलीचा नंबर होता.

"मॅडम, मला तीन महिने उशिरा येता येईल का? मुलगी अजून अंगावर पिते."

"मुलीचं तुम्ही सांगितलं नव्हतं."

"तेव्हा नव्हती ती."

"पुढची बॅच कधी होईल सांगता येत नाही, मॅडम. होईल की नाही तेही. तुमच्या जागेवर चारशे अर्ज आहेत." मग ती हळू बोलली, जणू खुर्ची भिंतीकडे वळवून. "एक सांगू? माझ्याकडेही लायसन आहे. दोनशे तीस तास. दोन वर्षं झाली, मी इथे फोन उचलते. माझ्या वडिलांकडे द्यायला काही उरलं नाही. तुमच्याकडे असेल तर आज हो म्हणा."

गौरजाला तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण तेवढ्यात संचिताने "थँक्यू मॅडम" म्हणून फोन ठेवलाही.

साडेतीनला दाजी आले. अंगणातूनच म्हणाले, "उजवो."

राधाबाईंनी हात जोडले. "दया इली गो बाय माझ्या देवाक."

"शेठाक फोन करून इलंय वाटेतसून. तेचो माणूस चार-साडेचारांक येतलो, झाडां बगूक. रक्कम आजच पाठवतलो म्हणता." दाजी पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पंच्याने मान पुसू लागले. टोपीत कळा नव्हता.

गौरजाने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. "कळो खंय?"

"पडलो असतलो वाटेत."

विहिरीचा कळा त्यांनी भर पावसात, तिच्या लग्नाचा कळा गर्दीच्या एस्टीतून सांभाळून आणला होता. राधाबाईंनी एकदा टोपीकडे, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आनंदीला गौरजाच्या मांडीवर देऊन आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात एक भांडं जोरात आपटलं.

"दाजी."

"आता काय?"

"माका दोन लाख मिळूचे नाय." आनंदी पदरात तोंड खुपसत होती, तिने तिला पाजायला घेतलं. बरंच झालं, मान खाली घालता आली. "सहा म्हयने कायच नाय. मगे चाळीस हजार. तेतूनपण ते कापतले."

दाजींचा मान पुसणारा हात थांबला. घरामागे कुठेतरी कावळा ओरडत होता.

"चाळीस," ते म्हणाले. "आमच्या शाळेतलो शिपाय..."

"म्हायत आसा."

"फुडे वाढता?"

"तिसऱ्या वर्सापासून. दीड हजार तास झाले की कॅप्टनच्या परीक्षेक बसूक गावता. मगे बरो पगार. कंपनी रवली तर."

"तर? म्हणजे रवतली असा नाय?"

"अशे लहान कंपनये उघडतत नि मिटतत, दाजी."

"मगे जातंस कित्याक?" ते एकदम चढ्या आवाजात बोलले. आनंदी दचकली, तशी त्यांनी जीभ चावली आणि तिच्या पावलाला बोट लावून हळू विचारलं, "सांग मा. कित्याक?"

गौरजाने चार दिवस या प्रश्नाची उत्तरं तयार केली होती. बोलली ते त्यातलं नव्हतं. "मार्चात माझ्या एका परीक्षेची मुदत संपता. मगे तो लायसनचो कागद फ्रेम करून लावचो, बस. तुमची सड्यावरची बाग गेली ती फुकट गेली असा होतला. माका रात्रीची झोप लागणा नाय. आनंदीक घेवन बसलंय तरी हात गियर शोधतत." तिने आनंदीच्या टाळूवर हात ठेवला. "आणि हिका सोडूचा म्हटला की माका मरान जावचा वाटता. दोन्ही खरा आसा. काय करू, तुम्हीच सांगा."

दाजी टोपी उलटी करून आत बघत म्हणाले, "देवान डावो दिल्यान."

"म्हायत आसा."

"पुना विचारलंय. पुना डावो. लवू म्हणता, दाजी, तिसऱ्यांदा विचारू नये."

"मगे?"

"मगे काय? घरी इलंय, खोटा सांगलंय. जन्मात पयल्यांदा." ते खिन्नसे हसले. "इचार केलंय, देवाक वयाची अट नाय, तुझ्या त्या कंपनीक आसा. पण दोन लाख धरून केलेलंय तो इचार."

"म्हणान तर आता सांगलंय. शेठाच्या माणसाक परत पाठवा."

बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, मोटारसायकल थांबली. हातात वही घेतलेला एक माणूस आत आला, "दाजीनु, खंय आसत झाडां?" असं विचारत. गौरजा उठणार होती, पण आनंदीने दातांनी धरलं होतं. दाजी तिच्या आधी उठले. ती थांबली, ते आता काय बोलतात त्यासाठी. त्यांनी घराच्या मागच्या बाजूला नुसतं बोट दाखवलं. माणूस पडवीच्या कडेने मागे गेला, आणि पहिल्या झाडावर त्याची मोजणीची थाप वाजली.

"दाजी!"

"गप. चाळीस तर चाळीस. तुका सड्यावर बागेची राखणदारीण म्हणान ठेवली तरी तेवडे कोण देवचो नाय." त्यांनी टोपी घातली, चपला काढल्या आणि अंगणाच्या मधोमध, देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडून उभे राहिले. देवापुढे गाऱ्हाणं घालायला माणसं लागतात, प्रत्येक मागण्यामागून 'व्हय म्हाराजा' असा हुंकार द्यायला. इथे कुणी नव्हतं. तरी त्यांनी आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझो शब्द मोडलंय. तू नाय म्हटलंस ता ह्या कानांनी ऐकलंय. माझ्या चेडवाचो तेत काय दोष नाय, तेका मीच फसवलंय. काय दंड आसा तो माझ्या माथ्यार घाल. झाडां गेली तर गेली. पण ह्या लेकरू वर चढतला, तेका सुखरूप खाली उतरव, रे म्हाराजा..."

त्यांनी पुढचा श्वास घेतला आणि थांबले. हुंकाराची जागा रिकामी होती. स्वयंपाकघरातून आवाज आला नाही. मागे झाडावर दुसरी थाप वाजली, मग तिसरी.

"व्हय म्हाराजा," गौरजा म्हणाली. आधी नुसते ओठ हलले, मग तिने ते मोठ्याने म्हटलं. दाजींनी मागे वळून बघितलं नाही, पण त्यांचे खांदे खाली आले.

"आणि मागे रवलेल्या ह्या तान्ह्याक आवशीची सय जास्त सतवू नये असा कर, रे म्हाराजा..."

हा हुंकार तिला देता येईना. अंगणात दाजी हात जोडून वाट बघत उभे होते. ते पुढे जाईनात. शेवटी आतून, चुलीपाशी बसून, रडक्या आणि रागावलेल्या आवाजात राधाबाई म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

पाचाला सात मिनिटं होती. गौरजाने एका हाताने फोन उघडला आणि 'मान्य आहे' असं लिहून पाठवलं. दुसऱ्या हातावर आनंदी डोळे मिटून पीत होती, आणि तिला अंगावरून कुणी सोडवलं नाही.