तिसरी पुकार

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून आणलेली फिक्या सोनेरी रंगाची साडी. अजून घडी मोडलेली नाही.

उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग. दोनदा साबण लावला तरी जाईना.

नवनगरच्या बालवाडीत दीपश्री टीचर मुलांना अंक शिकवताना सहावर थांबली. मुलं तोंडाकडे बघत राहिली. अर्ध्या मिनिटाने ती परत सहाच म्हणाली. मुलं हसली.

मोरीत पांढऱ्या गोळ्या. बादलीभर पाणी ओतलं तरी चार-पाच जाळीला चिकटून बसलेल्या.

"प्रभूची स्तुती असो! आमची दीपू पूर्ण बरी झाली!" फोनवर एक बाई, अळणावरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

हे सगळं धारवाडातल्या एकाच घराचं, एकाच महिन्यातलं.

घर श्रीकांतचं. निवृत्त हेडक्लार्क, चर्चमध्ये पंच. बायको शकुंतला. मुलगी दीपश्री, सव्वीस वर्षांची. तिला फिट येत असे. घरात त्या आजाराचं नावही कुणी घेत नसे; "तिचं ते" एवढंच म्हणत. गोळ्या धारवाडात मिळत असूनही श्रीकांत त्या हुबळीला जाऊन आणी. धारवाडच्या दुकानात कुणी ओळखीचं भेटलं तर?

मग अळणावरच्या उमेशचं स्थळ आलं. रेल्वेतली नोकरी, शांत मुलगा. स्थळ आणलं श्रीकांतच्या बहिणीने, सुलभाने. सुलभा दर शुक्रवारी उपास-प्रार्थना घ्यायची.

"वहिनी, तीन शुक्रवार पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आम्ही. प्रभूने बरं केलंय. आता गोळी घ्यायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा."

"डॉक्टर म्हणाले होते, एकदम बंद करू नका म्हणून."

"डॉक्टर मोठा का देव मोठा?"

श्रीकांत पेपरमधून डोकं वर न काढता बोलला, "आणि सासरी गोळ्या घेऊन गेली तर तिथं काय सांगणार आहेस? सुम्ने, गप्प बस."

खरं कारण ते होतं. देवाचं नाव वरून घातलेलं पांघरूण. सुलभाला निदान वाटत तरी होतं की पोरगी बरी झाली. श्रीकांतला ते वाटून घेणं सोयीचं होतं.

आणि शकुंतलेचं काय? गोळ्यांची पाकिटं तिनेच फोडली. चट्, चट्, एकेक करून ताटात. दीपश्री दाराशी उभी होती.

"आई, एक पाकीट तरी ठेव की."

शकुंतलेने ठेवलं नाही.

लग्नाआधी तीन रविवार उपासनेत मुलामुलीची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर आताच सांगा, म्हणून विचारतात. त्याला पुकार म्हणतात. पहिल्या पुकारीनंतर बायका शकुंतलेला मिठ्या मारून गेल्या. त्याच आठवड्यात दीपश्री सहावर थांबली, उशीवर जीभ चावल्याचं रक्त दिसलं. शकुंतलेने अभ्रा गुपचूप धुवायला घेतला. दुसरी पुकार झाली.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी दीपश्री गॅससमोर कोसळली. चहाचं पातेलं अंगावर आलं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. शकुंतलेने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर घातला. अंगाचे झटके थांबता थांबेनात. दारातून सुलभा आत आली आणि तिने आधी काय केलं? खिडकी लावली.

"कुणी बघितलं नाही ना?"

पोर शुद्धीवर आली तशी सुलभा तिच्या उशाशी बसली. "दीपू, मनात गोळीचा विचार आणलास ना? म्हणून झालं हे."

"नाही हो आत्या. मी रोज प्रार्थना करते."

"मग विश्वास कमी पडतोय तुझा."

भाजलेल्या हाताला बर्फ लावत शकुंतला हे ऐकत होती. सतरा वर्षं तिने गुडघे टेकून मागितलं होतं, हिला बरं कर. देवाने डॉक्टर दिला, गोळी दिली. आता ती गोळी मोरीत घालून हे लोक पोरीलाच विचारत होते, तू बरी का होत नाहीस? ज्याने आजाऱ्यांना कधी दटावलं नाही, त्याचं नाव घेऊन!

"सुलभा," ती म्हणाली, "रोजची भाकर दे म्हणून मी प्रार्थना करते. मग उठून चूल पेटवते. चूल पेटवली म्हणून देव रागावला नाही कधी माझ्यावर."

"वहिनी, तुमच्या तोंडी सैतान बोलायला लागलाय."

"खिडकी उघड आधी."

शनिवारी तिने एकटीने प्रार्थना केली. बरं कर असं या वेळी मागितलं नाही. बळ दे, एवढंच.

तिसऱ्या रविवारी उमेश आणि त्याची आई सकाळच्या गाडीने आले, पुढच्या बाकावर बसले. दीपश्रीने लांब बाहीचा ब्लाउज घातला होता. पाळकसाहेबांनी नावं वाचली. "तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारतो. कुणाची हरकत?" ते वही मिटायलाच लागले होते.

"माझी आहे."

सगळ्या माना वळल्या. पाळकसाहेब गांगरले. इतक्या वर्षांत कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"अक्का, तुम्ही? मुलीच्या आई?"

"होय. माझ्या मुलीला फिट येते. आम्ही लपवलं. हे लग्न व्हावं म्हणून तिची गोळी बंद केली आणि वर देवाचं नाव सांगितलं. हे खोटं असंच ठेवून लग्न लागणार असेल तर माझी हरकत आहे."

"शकुंतला, खाली बस!" श्रीकांत ओरडला.

दीपश्री उठली. रागाने तिचा आवाज फुटत होता. "आई खरं सांगतीय." तिने बाही वर सरकवली. "पण आई, हे तू गोळ्या ओतायच्या आधी बोलायचं होतंस."

शकुंतला उभीच राहिली.

उमेश काही बोलणार होता. त्याच्या आईने त्याचं मनगट धरलं आणि दोघं मधल्या वाटेने बाहेर निघून गेली. स्तोत्र सुरू करा, असं कुणीतरी पेटीवाल्याला खुणावलं. पेटी वाजली, पण कुणी गायलं नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक बाई, जिची मोठी मुलगी कधीच चर्चमध्ये दिसत नसे, तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

अशा किती जणी घराघरांत खिडक्या लावून ठेवलेल्या आहेत?

सोमवारी मायलेकी सरकारी दवाखान्यात गेल्या. पाळकसाहेब बरोबर होते. केसपेपरवर आजाराचं नाव लिहिताना शकुंतलेने ते मोठ्याने सांगितलं. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. पहिली गोळी दीपश्रीने डोळे मिटून, प्रार्थना करून घेतली. आईशी ती अजून बोलत नव्हती.

श्रीकांत अकरा वर्षं रोज सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घेत असे, आणि उपासाच्या त्या तिन्ही शुक्रवारी त्याने ती बिस्किटाबरोबर घेतली होती.