पन्नास पौंड लोखंड

“आता तू खाली उतर,” मी खिडकीतून ओरडले. “नुसत्या गाडीचं वजन घेते.”

व्हर्लिन उतरला आणि काट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. आकडा आला सात हजार सातशे पंच्याहत्तर. गेल्या वर्षीही नेमका हाच होता. डिझेलची टाकी काठोकाठ भरूनच तो वजनाला येतो, त्यामुळे तिथं चूक व्हायला जागा नाही. त्याला धरून मात्र या वेळी सात हजार नऊशे चाळीस भरले होते, आणि गेल्या वर्षी भरले होते सात हजार नऊशे शहाण्णव. म्हणजे वर्षभरात माझा धाकटा भाऊ छप्पन्न पौंडांनी उतरला होता.

सोसायटीच्या भुईकाट्यावर मला सत्तावीस वर्षं झाली. एरवी मी मक्याचे आणि सोयाबीनचे ट्रक तोलते. जत्रेच्या आठवड्यात मात्र स्लेज, म्हणजे वजन लादलेली लोखंडी घसरगाडी, ओढायच्या शर्यतीतल्या पिकअप गाड्यांची रांग लागते. गाडी आणि ड्रायव्हर मिळून आठ हजार पौंडांच्या वर जायचं नाही, असा त्यांच्या गटाचा नियम आहे. त्यामुळे गावातल्या पुरुषांची खरी वजनं त्यांच्या बायकांना ठाऊक नसतील एवढी मला ठाऊक असतात, आणि आजवर मी एकही फोडलेलं नाही.

“छप्पन्न!” मी म्हटलं. “अरे, तू आलायस की तुझा नुसता शर्ट गाडी चालवत आलाय?”

“नाकावर पन्नासाचं आणखी एक बसतं का, ते सांग.”

“बसतं. वर दहा उरतात.”

तो हसला. त्याच्या हसण्याचं कारण आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. स्लेज जसजशी ओढावी तसतशी तिच्यावरची वजनाची पेटी पुढे सरकते. तीनशे फुटांच्या टोकाला पोचेपर्यंत गाडीचं बूड दाबलं जातं आणि नाक वर उचलतं. नाक उचललं की पुढच्या चाकांना मातीची पकड राहत नाही आणि कारभार आटोपतो. म्हणून पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं टांगायची. ड्रायव्हरच्या पोटावरचा पौंड फुकट जातो, तोच नाकावर टांगला तर कामाला येतो. गणित सोपं होतं, पण ते स्वतःच्या पोटावर करून दाखवणारा गावात कोणी निघाला नव्हता. व्हर्लिननं ईस्टरआधीच्या उपासात गोड सोडलं आणि ईस्टर होऊन गेला तरी पुन्हा धरलं नाही. पुढे पुढे तो नुसत्या सूपवर आला. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. डेनी क्रेमर हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. त्यानंही ईर्ष्येनं केक सोडला आणि तिसऱ्या दिवशी चर्चच्या जेवणात चार तुकडे हाणले.

“जमलं ना वजन?” तो कचेरीत आला तसा मी डोनटचा खोका पुढे केला. “मग आता खा. किती दिवस उपाशी मरशील?”

त्यानं एक घास घेतला. चावला, बराच वेळ चावत राहिला. मग भिंतीकडे तोंड करून खिशातलं फडकं ओठांना लावलं. वळला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि घास फडक्यात होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?”

“व्हर्लिन.”

तो खुर्चीत बसला. “मे महिन्यापासून. आधी मांस अडकायचं, मग पाव. आता सूप तेवढं जातं. डेटनच्या इस्पितळात दाखवून आलो. अन्ननलिकेत आहे. कॅन्सर.” शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. एखाद्या बसचा बिघाड सांगावा तसं त्यानं सांगितलं.

“मार्लीनला सांगितलंस?”

“तिला उपासच वाटतोय. चार बायकांना सांगत सुटलीय बिचारी, माझ्या नवऱ्याचा निग्रह बघा म्हणून.”

“आणि उपचार?”

“तीन आठवड्यांपूर्वीच सुरू करू म्हणाले होते. मी म्हटलं, जत्रा होऊ दे.”

माझं टाळकं सरकलं. “तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ते लोखंडाचं धूड तीनशे फूट ओढायचं म्हणून तू इथं...”

“एकोणीस वर्षं, लॉरेटा.” तो शांतपणे म्हणाला. “एकदाही तीनशे नाही. दोनशे एक्याण्णवच्या पुढं सरकलो नाही कधी. या वेळी गाडी जमलीय. मागचे पाटे जाम करून टाकलेत, बूड बसायचंच नाही. हूक जमिनीपासून बरोबर सव्वीस इंचांवर घेतलाय. टर्बो दोनदा उतरवून बसवला. फक्त नाकावर वजन कमी पडत होतं.”

“आणि ते तू असं मिळवलंस.”

“मी कुठं मिळवलं? ते आपणहून मिळालं. मग वाया का घालवू?”

रविवारी मार्लीनला मीच सांगतो, तोवर तू गप्प राहा, असं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी हो का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही.

मग आम्ही बाहेर गेलो. त्यानं पन्नास पौंडांचं लोखंडी वजन गुडघ्यापर्यंत उचललं आणि पुन्हा जमिनीवर ठेवलं. “दुसरी बाजू धर जरा,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून ते बंपरच्या पट्टीवर चढवलं. पन्नास पौंड म्हणजे किती, हे हजारो ट्रक तोलूनही मला माहीत नव्हतं. एवढा माझा भाऊ गेला होता, आणि गाव टाळ्या वाजवत होतं.

शनिवारी संध्याकाळी चिठ्ठ्या काढल्या तेव्हा व्हर्लिनचा पहिलाच नंबर लागला. लाउडस्पीकरवाल्यानं त्याच्या उपासाचं कीर्तन लावलं, लोक हसले. मार्लीन माझ्या शेजारी ठेवणीतला निळा ब्लाउज घालून बसली होती. तिनं अर्धवट उठून सगळ्या मैदानाला हात हलवला.

गाडी सुटली. काळा धूर सरळ वर गेला. दीडशे फूट, दोनशे, अडीचशे. तिथं दरवर्षी त्याचं नाक उचलायचं. या वेळी उचललं नाही. मी मार्लीनचा दंड इतका घट्ट धरला होता की ती ओरडली. तीनशेची रेघ ओलांडून गाडी पुढे गेली, आणि सगळं मैदान उभं राहिलं.

तेवढ्यात आल्विननं लाल निशाण दाखवलं. पंच म्हणून त्याला ते दाखवावंच लागलं. पहिलाच गडी सहज पार गेला म्हणजे स्लेज हलकी लागली. वजन वाढवायचं, सगळ्यांनी पहिल्यापासून ओढायचं, आणि झालेलं अंतर धरायचं नाही. नियम सगळ्यांना पाठ आहे. मार्लीनलाही आहे.

“सहज?” ती कठड्यावर वाकून कडाडली. “चार महिने त्या माणसानं माझ्या हातचा केक खाल्ला नाही, आल्विन! चार महिने!”

लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती फणकाऱ्यानं खाली बसली आणि माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, “असू दे. परत ओढेल. नाहीतर पुढच्या वर्षी आणखी दहा पौंड उतरवते की नाही बघ त्याचे.”

मी शब्द दिला होता. पण त्या दहा पौंडांपुढे तो मला पाळता आला नाही.

“मार्लीन, तो उपास नव्हता. त्याला गिळता येत नाही.” आणि मग मी उरलेलंही सांगितलं.

तिनं विचारलं, “तुला कधी कळलं?”

“सोमवारी.”

ती उठली. ते पाच दिवस तिनं मला अजून माफ केलेले नाहीत, आणि मी माफी मागायला गेलेही नाही.

स्लेजवर वजन चढवायला वेळ लागत होता. व्हर्लिन पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर येऊन गाडीत बसून होता. मार्लीन पायऱ्या उतरली, मैदानाभोवतीची दोरी उचलून आत शिरली. कोणी तिला अडवलं नाही. दुसऱ्या बाजूचं दार उघडून ती त्याच्या शेजारी बसली. आत काय बोलणं झालं ते मला कळायचं कारण नव्हतं. एकदा त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले, एवढंच दिसलं.

मग त्याचा नंबर पुकारला. गाडी सुरू झाली, पण स्लेजकडे गेली नाही. वळली आणि फाटकाकडे निघाली.

“रुसला!” मागून कोणीतरी ओरडलं. “म्हातारा रुसला रे!” पुष्कळ जण हसले. मी मागे वळून पाहिलं नाही.

आल्विन कागद घेऊन कठड्यापाशी आला. तोंड उतरलं होतं त्याचं. “लॉरेटा, तो परत यायचाय का? मला काहीतरी लिहावं लागेल.”

“नाही यायचा.”

“मग शून्य पडेल गं.” तो घुटमळला आणि आवाज उतरवून म्हणाला, “मघाचे तीनशे लिहू का? कोणी काही म्हणणार नाही. डेनीसुद्धा नाही म्हणणार.”

मला ते हवं होतं. देवाशपथ, त्या कागदावर तीनशेचा आकडा बघण्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. फाटकाबाहेर व्हर्लिनची गाडी घराच्या रस्त्याला लागली होती, इतकी सावकाश की मागच्या गाड्या तिला ओलांडून जात होत्या.

“शून्य लिही,” मी म्हटलं. “तीनशे त्याला माहीत आहेत.”

त्यानं लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.