एका माणसाचा पगार

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. किती जुना म्हणाल, तर माझ्यावरची धूळसुद्धा आता रिटायर व्हायला आलीये. दोरखंडाच्या कारखान्यात, हिशेबाच्या खोलीत माझं टेबल. तरुणपणी माझा पंखा असा फिरायचा, की साहेबांचे कागद उडून थेट अंगणातल्या टाकीत पडायचे. खोटं वाटत असेल तर टाकीला विचारा. थंडीत हिशेबाच्या ताई माझ्या पाठीवर ओले मोजे वाळत घालायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, "आमचा गडी हुशार आहे हो, अख्ख्या कारखान्याचा पगार एका दमात काढतो."

मग नवी, सडपातळ मशिनं आली. कौतुक तिकडे गेलं, मोजे तेवढे माझ्याकडे राहिले. आणि पगार.

कारखान्यात एक दोर वळणारा होता. सारखी शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणायचे. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला बिचारा. सगळ्यांचे पगार आधीच झालेले, म्हणून त्याचे राहिलेले दिवस, शिल्लक रजा, सगळं मिळून त्याचा एकट्याचा वेगळा पगार काढायचा होता. त्याची बायको ताईंच्या शेजारी येऊन बसली.

"पैशाचं होईल सावकाश," ती म्हणाली. "यादीतून त्यांचं नाव काढणार का तुम्ही?"

नाव ताईंनी आधीच 'कामावर नाही'मध्ये टाकलं होतं. पण माझ्यातलं सॉफ्टवेअर हट्टी. जो कामावर नाही त्याचा पगार काढतच नाही. शेवटी ताईंनी त्याला परत 'कामावर' केलं.

मग टॅक्सचा आकडा आला आणि ताईंनी कपाळाला हात लावला. "बघा वहिनी, ह्याला वाटतंय, भाऊ आता दर महिन्याला एवढं कमावणार. गेल्यावर श्रीमंत केलं माणसाला." त्यांनी आपोआप कापायची खूण काढली, वर्षाच्या खऱ्या कमाईवर हिशेब केला, आणि कापायच्या रकमेत हाताने शून्य भरलं.

वहिनींचं लक्ष आकड्याकडे नव्हतंच. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे 'कामावर' म्हणजे? आत्ता ते कामावर आहेत?"

"पगार निघेपर्यंत. मग काढावं लागेल, वहिनी."

"मग जरा हळू काढा ना."

ताईंनी बटण दाबलं. आणि मित्रांनो, मी अडून बसलो. पडद्यावर गोल चक्री फिरवत राहिलो, फिरवत राहिलो. माझा पंखा इतका रडला, की बाहेर लोकांना वाटलं पाऊस आला.

"मशीन म्हातारं आहे," ताई खाली बघून म्हणाल्या. "वेळ लावतं."

"लावू दे." वहिनी पदराने पडदा पुसत होत्या. "घरात शीळ घालू द्यायचे नाही मी त्यांना. डोकं उठायचं माझं."

दारातून साहेब डोकावले. "अजून तो एकच पगार चाललाय? उद्या हे खोकं भंगारात द्या."

चक्री फिरतच होती. बऱ्याच वेळाने वहिनी उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "होऊ दे आता."

मी होऊ दिलं.

तेव्हा मित्रांनो, एखादं जुनं मशीन अडून बसलं, तर लगेच त्याला चापट मारू नका. आत कुणीतरी अजून कामावर असेल.